आधी वाचू या, मग वाद घालू या

आपल्या कोणत्याही तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयात दिवसभर बसून पाहावे. सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी जमतात. दुपारी स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी स्वतःची पुस्तके घेऊन येतात, कारण घरी बसायला जागा नसते. संध्याकाळी कादंबरी बदलून घेणाऱ्या भगिनी येतात, दिवाळीनंतर अंकांच्या योजनेचे सभासद येतात. प्रत्येक जण आपले काम करतो आणि जातो. पुस्तकांनी भरलेल्या त्या वास्तूत पुस्तकाविषयी दोन माणसे बोलत आहेत, असे दृश्य मात्र क्वचितच दिसते. भिंतीवर पाटी असते, ‘शांतता राखा’. ती पाटी आवश्यकच आहे. पण महिन्यातून एक संध्याकाळ ती उतरवून ठेवली पाहिजे, असे मला अलीकडे तीव्रतेने वाटू लागले आहे.

आमच्या गावच्या वाचनालयात गेली तीन वर्षे अशी एक संध्याकाळ पाळली जाते. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी पंधरा-वीस माणसे वाचनकक्षात गोलाकार बसतात आणि महिनाभर आधी ठरलेल्या एका पुस्तकावर दीड तास बोलतात. सत्कार नाही, दीपप्रज्वलन नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. पहिल्या वर्षी सारे सुरळीत चालले. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ झाला, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ झाली, सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ झाली. या पुस्तकांवर मतभेद तरी कोणाचे होणार? आम्ही एकमेकांच्या माना डोलावलेल्या पाहत होतो आणि त्यालाच चर्चा समजत होतो.

दुसऱ्या वर्षी दया पवारांचे ‘बलुतं’ घ्यावे, असे मी सुचवले आणि खरी परीक्षा सुरू झाली.

१९७८ साली प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन मराठी साहित्यात एका नव्या प्रवाहाचा आरंभ मानले जाते. गावगाड्यात महारांच्या वाट्याला आलेले जिणे आणि मुंबईच्या कावाखान्यातील वस्ती लेखकाने कोणताही आडपडदा न ठेवता मांडली आहे. सूचना करून आठवडा झाला नाही तोच वाचनालयाच्या कार्यवाहांकडे निरोप आला, हे पुस्तक नको. निरोप पाठवणारे कोणी परके नव्हते. ज्यांच्यासोबत मी वर्षानुवर्षे उत्सव आणि वर्ग केले, अशी आपलीच मंडळी होती. ‘हिंदू समाजाची उणीदुणी काढणारे पुस्तक आपणच चव्हाट्यावर कशाला मांडायचे?’ हा त्यांचा प्रश्न. त्यांच्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते. ते खुद्द माझ्या घरी आले.

प्रामाणिकपणे सांगतो, मी डळमळलो. पुस्तक पुढच्या वर्षावर ढकलू, असे कार्यवाहांना सांगायला मी गेलो होतो. तेथे ग्रंथपालबाईंनी काही न बोलता देवघेवीची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. वाचनालयातील ‘बलुतं’ची प्रत शेवटची बाहेर गेली होती, त्याला नऊ वर्षे झाली होती. आक्षेप घेणाऱ्यांपैकी एकाच्याही नावावर त्या पुस्तकाची नोंद नव्हती. माझ्या नावावरही नव्हती. मी ते महाविद्यालयात असताना वाचले होते आणि त्या जुन्या वाचनाच्या आठवणीवर पस्तीस वर्षे मत बाळगून होतो. बाई एवढेच म्हणाल्या, “सर, नको म्हणणाऱ्यांना एकदा द्या की वाचायला.”

प्रत गुरुजींकडे गेली.

त्या शनिवारी नेहमीपेक्षा अधिक माणसे आली. दोघे जण निषेध म्हणून आले नाहीत आणि त्यातील एक आजही येत नाहीत. गुरुजी आले, पुस्तकात कागदाच्या खुणा घालून आले. ते म्हणाले, “हे पुस्तक चूक आहे, असे सांगायला येणार होतो. वाचल्यावर तसे म्हणवत नाही. काही ठिकाणी अपुरे आहे, एवढे मात्र म्हणेन. गावात सगळीच माणसे निष्ठुर नव्हती.” समोर एक तरुण बसला होता. त्याचे आजोबा याच तालुक्यातील एका गावी येसकराचे काम करीत. तो शांतपणे म्हणाला, “अपुरे असेल, गुरुजी. उरलेले तुम्ही सांगा. तुम्ही तिथेच होतात.”

गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी १९५०च्या दशकातील आपल्या शाळेविषयी सांगायला सुरुवात केली. वर्गात कोण कोठे बसे, पाण्याचा हंडा कोठे असे, कोणाच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. हे सारे त्यांना लख्ख आठवत होते. पण साठ-सत्तर वर्षांत ते त्यांनी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. त्या संध्याकाळी कोणी कोणाच्या पाया पडले नाही, कोणाचे मतपरिवर्तन झाल्याची घोषणाही झाली नाही. बलुतेदारीची आर्थिक बाजू आणि तिच्यातला अपमान या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात का, यावर दोघे तासभर एकमेकांशी वाद घालत राहिले. पण एका गावात जन्म काढून जी दोन माणसे कधी अर्धा तास समोरासमोर बसली नव्हती, ती एका पुस्तकाच्या निमित्ताने बसली. समरसता या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी जेवढा कळला, तेवढा अनेक भाषणांतून कळला नव्हता.

पूर्वपक्षाची परंपरा

चर्चेमुळे समाजात भेद वाढतात, असे म्हणणाऱ्यांनी आपली स्वतःची परंपरा आठवावी. आपल्या शास्त्रग्रंथांची रचनाच मुळी वादावर उभी आहे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल अशा रीतीने, आणि मग उत्तरपक्ष. आद्य शंकराचार्यांची भाष्ये याच पद्धतीने चालतात. न्यायशास्त्राने तर वादाचे प्रकार सांगितले: सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची फक्त मोडून काढायची ती वितंडा. आज सायंकाळी दूरचित्रवाणीवर आणि दिवसभर भ्रमणध्वनीवर जे चालते ते यातील कोणत्या प्रकारात मोडते, हे वाचकांना सांगायला नको.

ही पद्धत केवळ पंडितांपुरती नव्हती. चातुर्मासात देवळात पोथी लागे. एक जण वाची, दुसरा अर्थ सांगे आणि ऐकणारे मध्येच शंका विचारीत. अक्षरओळख नसलेली माणसेही श्रीधराच्या ‘पांडवप्रतापा’तील कथा नेमकेपणाने सांगू शकत, याचे कारण हे सामूहिक श्रवण होते. श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन, हा क्रम आपल्याकडे सांगितला गेला आहे. आजचे आपले वाचन श्रवणाच्या पहिल्या पायरीवरच थांबलेले आहे. तेही होत असेल तर.

आधुनिक महाराष्ट्राची ग्रंथालयेही याच जाणिवेतून वाढली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. यांपैकी काही संस्थांच्या आरंभी इंग्रज अधिकाऱ्यांचा हात होता, हे खरे. पण त्या टिकवल्या, वाढवल्या आणि आपल्याशा केल्या त्या आपल्या समाजाने. पुढे १८९३ साली ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, १८९८ साली मुंबईला निघाले. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तीही ज्ञानाची चर्चा चारचौघांत व्हावी म्हणूनच. याच व्याख्यानमालेत ८ मे १९७४ रोजी तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी ‘सामाजिक समता आणि हिंदू संघटन’ हा विषय मांडला आणि अस्पृश्यतेच्या संदर्भात संघाची भूमिका निःसंदिग्धपणे समाजापुढे ठेवली. ते भाषण त्यांनी संघाच्या बंदिस्त बैठकीत न करता सार्वजनिक व्यासपीठावर केले. जेथे सर्व विचारांचे श्रोते बसतात, तेथे जाऊन बोलण्याचा हा आत्मविश्वास आपण पुढे किती जोपासला?

थोरांची साक्ष

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात अवघ्या काही महिन्यांत ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१५ साली प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ आज अनेक घरांत कपाटात असतो. पण तो उघडणाऱ्याच्या लक्षात येते की, कर्मयोगाचे प्रतिपादन करण्यासाठी लोकमान्य कांट, मिल्ल, स्पेन्सर, ग्रीन या पाश्चात्य विचारवंतांशी पानोपानी भिडतात. संन्यासमार्गी भाष्यकारांचा पक्ष आधी मांडतात आणि मगच आपला सिद्धान्त सांगतात. ज्याला उत्तर द्यायचे त्याला आधी पुरते वाचायचे, हा त्यांचा दंडक होता.

सावरकरांनी अंदमानच्या काळकोठडीत बंदिवानांसाठी ग्रंथालय व्हावे म्हणून किती खटपट केली, हे ‘माझी जन्मठेप’ वाचणारे जाणतात. निरक्षर बंद्यांना शिकवायचे, पुस्तके मिळवायची, त्यांवर आपसांत बोलायचे. कोलू ओढणाऱ्या माणसांना याची गरज आहे, असे त्यांना वाटले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलू लागले, सोबतचे बंदिवान ऐकू लागले आणि साने गुरुजींनी ते शब्द टिपून घेतले. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. सावरकर, विनोबा आणि साने गुरुजी यांच्या राजकीय विचारांत अंतर होते. तरी ग्रंथाभोवती माणसे जमवली पाहिजेत, याविषयी त्यांच्यात अंतर नव्हते.

आपल्या चळवळीतही याची उदाहरणे आहेत. १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना करणारे दत्तोपंत ठेंगडी यांनी साम्यवादाला विरोध केला तो त्याचा मुळापासून अभ्यास करून. म्हणूनच त्यांचे म्हणणे कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनाही कान देऊन ऐकावे लागे.

आपले आपल्याला विचारू या

महाराष्ट्राच्या साहित्यव्यवहारावर स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांच्या एका वर्तुळाने दीर्घकाळ मक्तेदारी गाजवली, कोण लेखक आणि कोण प्रचारक हे तेच ठरवत आले, अशी आपली तक्रार आहे. ती निराधार नाही. राष्ट्रीय विचारांच्या अनेक लेखकांची नावे समीक्षेच्या पानांवर यायलाच अनेक वर्षे लागली. पण या तक्रारीचा दुसरा अर्धा भाग आपण सोयीस्करपणे विसरतो. त्यांनी आपली पुस्तके वाचली नाहीत. आपण तरी वाचली का? आपल्या कार्यक्रमांत पुस्तकविक्रीचे टेबल असते, प्रकाशन समारंभ दिमाखात होतात, घरोघरी संच पोहोचवण्याच्या योजना पूर्ण होतात. त्या संचांतील किती पुस्तकांची पाने सुटी झाली? ग्रंथपूजन करणारा समाज ग्रंथवाचन करतोच असे नाही.

जो आपले वाचत नाही, तो दुसऱ्याचे तर मुळीच वाचत नाही. मग वादाची जागा ऐकीव माहिती घेते. भ्रमणध्वनीवर आलेला चार ओळींचा मजकूर, खाली कोणा थोर पुरुषाचे नाव, आणि तो खरा की खोटा हे न पाहता पुढे पाठवणारे आपण. पुस्तक न वाचता त्यावर संतापणे हा सर्वांनाच जडलेला रोग आहे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला. राग एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकाचा आणि घाव बसला तो आपल्याच पूर्वजांनी जपलेल्या हस्तलिखितांच्या घरावर. त्या घटनेने आपण सारे हळहळलो. परंतु वाचनाआधी संताप ही वृत्ती त्या एका जमावापुरती होती, असे समजणे ही आत्मवंचना आहे. ‘बलुतं’ नको म्हणणाऱ्या निरोपात तिचाच अंश होता आणि तो निरोप ऐकून डळमळलेल्या माझ्यातही होता.

यावर एक आक्षेप येईल. सार्वजनिक वाचनालयात अशी मंडळे निघाली, तर ती कोणत्या तरी एका गटाच्या ताब्यात जातील आणि पुस्तकांच्या नावाखाली प्रचार सुरू होईल. भीती खरी आहे. तिचे उत्तर एकच, ताबा घेणारे आपणही असता कामा नये. वाचनालय सर्वांच्या वर्गणीवर आणि सर्वांच्या करातून मिळणाऱ्या अनुदानावर चालते. तेथील कट्टा ही शाखा नव्हे आणि पक्षाचे कार्यालयही नव्हे. आपला विचार समर्थ असेल, तर त्याला सर्वांसमोर उभे राहण्याची भीती कशाला? जो विचार फक्त आपल्याच माणसांत शोभून दिसतो, त्याविषयी आपल्यालाच पुरती खात्री नाही, असे समजावे.

काय करता येईल?

महाराष्ट्राने १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यानुसार अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळालेली अकरा-बारा हजार ग्रंथालये आज राज्यात आहेत. अनुदानाची रक्कम, कर्मचाऱ्यांचे तुटपुंजे वेतन, ‘ड’ वर्गातील खेड्यांतल्या वाचनालयांची दैना, हे प्रश्न गंभीर आहेत आणि त्यांसाठी शासनाशी भांडलेच पाहिजे. पण चर्चेच्या संध्याकाळीसाठी अनुदान लागत नाही. लागतात त्या वीस खुर्च्या आणि एक आग्रही माणूस. दहातल्या एका ग्रंथालयाने जरी हे मनावर घेतले, तरी दरमहा हजाराहून अधिक ठिकाणी पुस्तकांवर बोलले जाईल.

आमच्या अनुभवातून काही गोष्टी सांगतो. पुस्तक महिनाभर आधी ठरावे आणि त्याच्या निदान चार-पाच प्रती फिरत्या असाव्यात. वाचनालयात एकच असेल तर शेजारच्या गावातून मागवाव्यात. एकाने वीस मिनिटांत पुस्तकाचा परिचय करून द्यावा, त्याहून अधिक वेळ घेऊ नये. नाहीतर चर्चेचे व्याख्यान होते. ज्याने पुस्तक वाचलेले नाही त्याने अवश्य यावे, पण त्या दिवशी फक्त ऐकावे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, लेखकाला विरोध करणाऱ्याने आधी लेखकाचे म्हणणे काय आहे ते सांगावे आणि पुस्तकाच्या बाजूच्या माणसाने ‘होय, लेखक असेच म्हणतो’ असे मान्य केल्यावरच विरोध सुरू करावा. हा नियम आम्ही ‘बलुतं’नंतर घातला. त्याने आवाज आपोआप खाली येतो. अर्धे भांडण तर तेथेच संपते, कारण विरोध ज्या विधानाला होता ते पुस्तकात नसतेच, असे ध्यानात येते.

पुस्तके जोडीने घेतली तर अधिक रंगतात. महाभारतावर दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ लागोपाठच्या महिन्यांत वाचा. एकच महाकाव्य दोन विदुषींना किती वेगळे दिसते, हे पाहून श्रद्धा आणि चिकित्सा या एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे कोणालाही पटेल. आमच्याकडे या दोन पुस्तकांच्या वेळी प्रथमच भगिनींची संख्या पुरुषांहून अधिक झाली. द्रौपदी आणि गांधारी यांच्याविषयी त्या जे बोलल्या, ते ऐकून आम्ही पुरुष मंडळी मुकाट्याने बसून होतो.

तरुणांना ‘वाचत नाहीत’ म्हणून दूषणे देण्यापेक्षा वाचनकक्षात परीक्षेचा अभ्यास करीत बसलेल्या मुलांना त्या एका संध्याकाळी शेजारच्या खुर्चीवर बोलवावे. दोघे-तिघे येतात. पुढे तेच पुस्तक सुचवू लागतात. गुरुजींना प्रश्न विचारणारा तो तरुण असाच अभ्यासिकेतून उठून आला होता. सध्या मंडळाचे टिपण तोच लिहितो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदाचीच गोष्ट आहे. २०१७ साली महाबळेश्वरजवळच्या भिलारला पुस्तकांचे गाव वसले, दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, हेही चांगलेच आहे. पण दर्जा शासन देते, वाचक समाजाला घडवावे लागतात. दिन वर्षातून एकदा येतो, दुसरा शनिवार दर महिन्याला येतो.

संघटित समाज म्हणजे एकाच सुरात बोलणारा समाज, असे आपण समजत असू तर ती चूक आहे. ज्या समाजातील माणसांना एकमेकांचे कटू बोल ऐकूनही त्याच सतरंजीवर बसून राहता येते, तो समाज खऱ्या अर्थाने संघटित. पुढच्या महिन्यासाठी गुरुजींनी स्वतःच एक पुस्तक सुचवले आहे. त्यातील विचार त्यांना मुळीच मान्य नाहीत. ते म्हणतात, वाचून तर पाहू. आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना एवढेच विचारा, दुसऱ्या शनिवारी वाचनकक्ष मोकळा आहे का?